सगळ्यांच्या मागून उतरणारे हिराजी तांडेल

धूर छताला लागून खाली उतरत होता आणि माझे चुलत सासरे हिराजी तांडेल हॉटेलच्या मधोमध एका खुर्चीवर उभे होते. पडदे पेटले होते. भिंतीवरचे मोठे आरसे तडकत होते. सगळे लोक रस्त्याकडच्या दाराला जाऊन भिडले होते आणि तिथे एकमेकांवर पडत होते. मी त्यांना मामंजी म्हणायचे; त्यांनी खुर्चीवरूनच माझा दंड धरला आणि मला उलट बाजूला ढकललं. "सैपाकघरात दार हाय. सरल जा. मागं बगू नको." माझ्या नवऱ्याने त्यांचा कोट धरला. म्हणाला, "काका, तू चल." त्यांनी कोट सोडवून घेतला.

"मानसं हायत अजून," ते म्हणाले.

हॉटेल त्यांचं नव्हतं आणि माणसंही त्यांची नव्हती. त्यांना तिथे कोणी ओळखतसुद्धा नव्हतं.

थळच्या किनाऱ्यावर मात्र त्यांना सगळे ओळखत. त्यांचा मचवा पांढरा कांदा, नारळ आणि सुकी मासळी घेऊन मुंबईला भाऊच्या धक्क्यावर जायचा. सुकाणू त्यांच्या हातात, म्हणून ते तांडेल. उंच, काळे, हट्टी माणूस. तंबाखू थुंकताना वारा कुठला आहे ते बघायचे नाहीत, आणि हा माणूस जन्मभर वाऱ्यावर पोट भरत होता. आता गावात त्यांना देवमाणूस म्हणतात. जिवंत होते तेव्हा कोणी म्हणत नव्हतं, मीसुद्धा नाही.

ते कधी स्वस्थ बसले नाहीत. घरात जेवायला बसायचे ते उंबऱ्याशी, एक पाय बाहेर टाकून. कोणाच्या लग्नाला गेले तर बसायच्या आधी मांडवाला एक फेरी घालायचे, कुठून कुठे निघता येतं ते बघायचे. माझ्या लग्नात ते असेच फिरत होते. माझ्या मामाला वाटलं, वराकडचे लोक मांडवात खोट काढताहेत. भांडण व्हायचं राहिलं. त्यांचं उत्तर ठरलेलं होतं, "आत शिराच्या आदी भाइर निंगाची वाट बगावी." माझ्या सासूबाई त्यावर म्हणायच्या, "भावजी, आईच्या पोटात शिरताना बघितली व्हती का?" मामंजी हसायचे आणि पुन्हा उठून अंगणात जायचे.

याला कारण होतं. माझे सासरे म्हणजे त्यांचे थोरले भाऊ. दोघे तरुण असताना खांदेरी बेटाजवळ वादळात त्यांचा मचवा उलटला. सासरे खाली मालाच्या जागेत झोपले होते. त्यांना बाहेर यायला वाट मिळाली नाही. माझा नवरा तेव्हा रांगत होता. मामंजींनी त्याला वाढवलं आणि स्वतः लग्न केलं नाही. या गोष्टीबद्दल ते कधी बोलले नाहीत. मला जे कळलं ते सासूबाईंकडून.

आमच्यात रीत आहे, तांडेल सगळ्यांच्या मागून उतरतो. माल उतरतो, खलाशी उतरतात, मग तांडेल. दुसरे तांडेल ही रीत वादळात पाळायचे. मामंजी रोज पाळायचे. अंगात ताप असो, समुद्र तळ्यासारखा असो, शेवटचा खलाशी वाळूत पाय ठेवेपर्यंत ते मचव्यावर उभे. एकदा एक खलाशी दारू पिऊन मचव्यातच झोपला, तर हे त्याच्याबरोबर उपाशी बसून राहिले. मी पेज पाठवली ती पाण्यातून.

पुढे त्यांचे गुडघे गेले. नारळी पौर्णिमा झाली आणि पहिल्या फेरीला त्यांनी सुकाणू माझ्या नवऱ्याच्या, धर्माच्या हातात दिलं. लग्नात त्यांनी मला शब्द दिला होता, धर्मा तांडेल झाला की तुला मुंबईच्या झगमगाटाच्या हॉटेलात जेवू घालीन. बाईने मचव्यावर चढू नये म्हणून गावातल्या म्हाताऱ्यांनी कुरकुर केली. मामंजींनी त्यांना सांगितलं, ती पासिंजर हाय. मी लग्नातलं लुगडं नेसले आणि कांद्याच्या पोत्यांवर बसून मुंबईला गेले.

धक्क्याला लागल्यावर पंचाईत झाली. खलाशी उतरले, मी उतरले. मामंजी सवयीने उभे राहिले. माझा नवरा आता तांडेल, म्हणून तोही उभा राहिला. काका उतरेना आणि पुतण्या उतरेना. खाली खलाशी हसायला लागले. एकजण ओरडला, "दोगं बी ऱ्हावा, आमी जेवून येतो." शेवटी मामंजी खाली आले. धक्क्यावर ते मचव्याकडे पाठ करून उभे राहिले. हात कुठे ठेवावेत ते त्यांना समजत नव्हतं. "आज मी बी पासिंजर," एवढंच बोलले.

मग सुरू झालं हॉटेल शोधणं. असा फिरण्याचा छळ मी पुन्हा सोसला नाही. पहिलं हॉटेल वरच्या मजल्यावर होतं. जिन्यावर लाल गालिचा, वर बाजा वाजत होता. मी पायरीवर पाय ठेवलाच होता. मामंजी भराभर वर गेले, भराभर खाली आले आणि म्हणाले, जिना एकच हाय. दुसरं समुद्राकडे तोंड करून होतं. तिथल्या दरवानाने त्यांच्या अनवाणी पायांकडे बघितलं. त्याचं त्यांना काही वाटलं नाही. त्यांनी त्याला विचारलं, मागचं दार कुठे आहे? दरवान समजला, चोर आहे. आम्ही घाईने तिथून निघालो. नंतर एक गल्लीतलं होतं ते अरुंद म्हणून सोडलं, आणि एक अंधारं म्हणून. माझ्या पोटात कावळे ओरडत होते आणि पायात नव्या वहाणा चावत होत्या.

मी म्हटलं, "मामंजी, आपण जेवायला आलो की घर विकत घ्यायला?"

ते थांबले. "सुनबाय," म्हणाले, "सुकानू गेला हातातना. आता डोलं तरी चालवू दे."

मी वहाणा काढून हातात घेतल्या आणि चालू लागले.

शेवटी एक हॉटेल आलं. लाल-निळे दिवे, भिंतभर आरसे, छताला कागदाच्या माळा, मखमलीचे पडदे. आम्हाला रस्त्यावर उभं करून मामंजी बाजूच्या बोळात शिरले. थोड्या वेळाने बघतो तर ते हॉटेलच्या काचेमागे उभे राहून आम्हाला आत बोलावताहेत. बोळातून स्वयंपाकघरात आणि तिथून थेट आत आले होते. बायकांसाठी पडदे लावलेल्या लहान खोल्या होत्या, तिथे बसा असं वेटर म्हणाला. मामंजींनी त्याला सांगितलं, ही खुराडी कोंबड्यांना दे. आम्ही मधोमध बसलो, दोन्ही दारांच्या मध्ये.

पापलेट चांगलं होतं. मामंजींनी काटाचमचा बाजूला सारून हाताने खाल्लं. खाता खाता दोनदा उठले. समोरच्या आरशात बघून म्हणाले, "तो म्हातारा सारका माज्याकडं बगतोय." मी हसले. त्या दिव्यांत माझं लुगडंही चांगलं दिसत होतं. मला तिथे बसून राहावंसं वाटत होतं, आणि त्यांना उठावंसं.

तेवढ्यात एका दिव्याला लागून कागदाची माळ पेटली. माळेवरून पडदा आणि पडद्यावरून सगळंच.

मी स्वयंपाकघरातून बोळात आले. मागोमाग माझा नवरा आला. त्याला काकांनी ढकलून दिलं होतं. मग एक एक माणूस यायला लागलं. मामंजींचा आवाज ऐकून लोक रस्त्याकडचं दार सोडून मागे वळत होते. एक पारशी म्हातारी आली, बाजा वाजवणारे आले, वेटर आले, अंगरख्यात लेकरू गुंडाळलेला एक बाप आला. मग कोणी येईना. आतून मामंजी विचारत होते, "अजून कोन हाय का?" माझा नवरा बोळातून ओरडला, "कोन न्हाय, काका, भाइर ये."

पण हे त्याला कसं ठाऊक असणार? मचव्यावर माणसं किती हे तांडेलाला ठाऊक असतं, म्हणून आपली वेळ कधी आली ते त्याला कळतं. हॉटेलात किती माणसं होती ते कोणालाच ठाऊक नव्हतं. मामंजी त्या पडद्यांच्या खोल्या एकेक करून बघायला गेले. स्वयंपाकी दारापाशी होता, त्याने पाहिलं. खोल्या रिकाम्या होत्या. मग वरचं छत कोसळलं. माझ्या नवऱ्याला चौघांनी धरून ठेवलं.

मला कोणी विचारलं तर मी सांगते, ते चुकले. दार त्यांनी स्वतः शोधलं होतं.

आम्ही त्यांना मचव्यानेच घरी आणलं. थळला लागल्यावर आधी त्यांना उतरवलं, मग खलाशी उतरले, मग मी. माझा नवरा सगळ्यांच्या मागून उतरला. सासूबाई वाळूत उभ्या होत्या.

त्या संध्याकाळी हॉटेलात जी माणसं होती ती सगळी वाचली. मी वाचले, माझा नवरा वाचला, ते लेकरू वाचलं. हिराजी तांडेल वाचले नाहीत.