पाहुण्यांचे पाणी

संशोधनाचे किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. जेवल्यावर मंडळी ताटावरून लवकर उठत नाहीत, म्हणून ते साठतात. वरवट बकालच्या माझ्या घरी अभ्यासाची मंडळी भाड्याने राहिली, तेव्हा माझ्याकडेही ते साठले. मी जुनी मॅट्रिक. मोघम बोलणे मला खपत नाही. त्यांच्या प्रमुख डॉ. सुजाता यांनाही खपत नसे.

बोअरचे खारे पाणी पिणाऱ्यांना मूत्रपिंडाचा आजार लवकर गाठतो का, हा त्यांचा प्रश्न. गावाची गोड्या पाण्याची नळयोजना त्या उत्तरावर अडली होती.

*

पहिले घर शेजारच्या विमलचे. मी सोबत होते.

"रोज खारं पाणी किती पिता?" सुजाताबाईंनी विचारले.

"मोजून कोण पेते ओ मॅडम? अन् आमी तं कॅनचंच पेतो."

तिने विकतच्या कॅनमधले गोडे, गार पाणी आणून दिले. आम्ही प्यालो. बाईंनी लिहून घेतले.

*

काही वर्षे मंडळी त्याच घरांत जात राहिली. मग आकडेमोड पाहणारा केतन एकदा जेवताना म्हणाला, "मॅडम, कॅनचं पाणी पिणारेच जास्त आजारी पडतायत."

"मग उद्यापासून तुला खारेच वाढू का?" मी विचारले.

केतन हसला. सुजाताबाईंची भाकरी तशीच राहिली.

*

दुसऱ्या दिवशी भर दुपारी त्या न कळवता विमलच्या मागच्या दाराने गेल्या. विमल माठातले पाणी पीत होती. बाईंनी तेच मागून घेतले. खारट!

"विमलताई, तुम्ही तर कॅनचं पिता ना?"

"आमचे मालक पेतात. त्यायच्या पायाले सूज येऊन राह्यली होती, म्हणून कॅन लावली. किडनीचा आजार तं मागून कळला. अन् पाहुण्याले काय खारं देऊ?"

बाई उंबऱ्यावर बसल्या. "बिघाड जुन्या पाण्याचा आणि आमच्याकडे नोंद नव्या पाण्याची!" त्या म्हणाल्या.

*

त्या रात्री घरी केतन म्हणाला, "सगळ्या नोंदी रद्द करू."

मी शिवत बसले होते. बाईंनी माझी टेप उचलली. "काकू, ही आखूड निघाली तर मापलेले सगळे कपडे फेकाल?"

"किती आखूड आहे ते पाहीन आणि मापे सुधारीन."

"तेच करायचं," त्या म्हणाल्या.

मग निवडक घरांत पुनःपुन्हा जाऊन त्यांनी माठ मापले, पाण्यातला खार तपासला, कॅन कधी लागली ते विचारले. सांगणे आणि पिणे यांत किती अंतर पडते ते कळले, आणि त्या मापाने साऱ्या गावाचे गणित सुधारले. आता दोष खाऱ्या पाण्याकडेच आला.

"पण मॅडम, खात्री आधीपेक्षा कमी दिसते," केतन म्हणाला.

"जेवढी आहे तेवढीच दिसू दे."

इतक्या सरळ बाईला मी खोलीचे भाडे मागत होते, याचे मला नवल वाटले.

*

शेवटी नळयोजनेचे अधिकारी आले. बैठक विमलच्या ओसरीवर. साहेबांनी अहवाल चाळला, समोरचा पेला रिकामा केला आणि म्हणाले, "पाणी तर छान गोड आहे. तक्रार कशाची?"

सुजाताबाई हसल्या नाहीत. "साहेब, आम्हीही इथेच चुकलो होतो. विमलताई, घरचं पाणी द्या."

"पाहुण्याले?" विमलने माझ्याकडे पाहिले.

मी मान डोलावली.

तिने माठातून पेला भरून दिला. साहेबांनी मोठा घोट घेतला. चारचौघांत थुंकता येईना. कसाबसा गिळून त्यांनी अहवाल पुन्हा पहिल्या पानापासून उघडला.

विमल पदर सावरत म्हणाली, "आता तुमी घरचे झाले, साहेब."