सासूला ऐकवलेला खोटा शेवट

डोळ्यांचा पडदा खराब झाल्यापासून मी कादंबऱ्या कानाने वाचते. नातसून हिंजवडीला कामाला जाते, तिनेच मोबाइलवर ऑडिओबुकं घालून दिली. ती स्वतः दीडपट वेगात ऐकते. म्हटलं, बाई गं, एवढ्या घाईत आमच्या कोळवणात कुणी भांडतसुद्धा नाही.

वाचणाऱ्यांबद्दल माझी मतं आता पक्की झालीत. एक बुवा आहेत, ते प्रेमपत्रही सभेत भाषण ठोकल्यासारखं वाचतात. एक बाई पात्राच्या आधी स्वतःच रडून घेते, मग आपल्याला रडायला काही उरत नाही. आणि गोष्टीत म्हातारी आली की सगळ्यांचा आवाज थरथरायला लागतो. माझा कुठे थरथरतो? नातसुनेला विचारलं तर म्हणाली, "आजी, तुमचा तर पार एसटी स्टँडपर्यंत जातो."

गेल्या महिन्यात मात्र एक चांगली बाई सापडली. साधं वाचते. वाईट ओळ आली की जराशी थांबते आणि पुढे जाते. ती वाचत होती ती कादंबरी मला चांगली ठाऊक होती. शेवटची दोन प्रकरणं सोडून.

लग्न होऊन आले तेव्हा मी सातवी पास. घरात तेवढं शिकलेलं दुसरं कुणी नव्हतं, आणि मला बाईसाहेबांना त्याची केवढी मस्ती! दुपारी आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, पडवीत तांदूळ पाखडायच्या आणि मी वाचनालयातलं पुस्तक मोठ्याने वाचायची. रागाने घर सोडून गेलेल्या एका मुलीची ती गोष्ट. आत्याबाईंना लेक नव्हती. गोष्टीतली मुलगी उपाशी झोपली की त्यांच्या हातातलं सूप थांबायचं.

"मंग? फुडं काय झालं तिचं?"

त्याच दिवसांत पौडला तंबूत सिनेमा आला. मला जायचं होतं. आत्याबाईंनी बजावलं, "आदी त्या पोरीचं काय झालं ते सांग, मंग जा कुटं जायचं तितं." दोन प्रकरणं उरलेली. मी पुस्तकात डोळे ठेवूनच त्या मुलीला विहिरीत उडी मारायला लावली, पुस्तक मिटलं आणि वेणी घालायला पळाले. स्वतःच्या हुशारीवर काय खूश होते!

परत आले तर आत्याबाई जेवल्या नव्हत्या. सर्वपित्री अमावास्येला त्यांनी कावळ्यासाठी एक पान जास्त वाढलं. कुणाचं म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "त्या पोरीचं. तिला दुसरं कोन हाय?" मी पदरात तोंड खुपसून हसले. दर वर्षी ते पान पडत राहिलं. माझं हसू दोन-तीन वर्षांत आटलं, पण खरं सांगायचा धीर काही झाला नाही. आणि सांगणार तरी काय? शेवट मी स्वतःही वाचलेला नव्हता.

तो आता मोबाइलमधल्या ह्या बाईने वाचून दाखवला. मुलगी मरत नाही. केस पिकायला लागल्यावर एक दिवस आईच्या दारात येऊन उभी राहते. आई तिला काही विचारत नाही, फक्त म्हणते, पाय धू आणि आत ये.

मी कानातला इअरफोन काढून ठेवला.

"काय झालं आजी? चार्जिंग संपलं का?" नातसुनेने विचारलं.

"व्हय," म्हटलं.

आत्याबाई अंथरुणाला खिळल्या होत्या तेव्हाची एक सकाळ डोक्यातून जात नाही. मी त्यांच्या पायाला तेल चोळत होते. एकदम म्हणाल्या, "पान्यात पडल्यावर लई येळ तडफडली आसंल का गं ती?"

कोण ती, ते मला विचारावं लागलं नाही. त्या वेळी तरी सांगता आलं असतं.

"न्हाई हो आत्याबाई," मी म्हणाले, "लगीच गेली."

"बरं झालं," म्हणाल्या आणि डोळे मिटले. मी ते इतक्या शांत आवाजात सांगितलं होतं, की त्यांना शंकासुद्धा आली नाही.