चौथा केस

कीटकसंग्रहालयात सगळे त्यांना पाठीमागे ‘केसमोजे’ म्हणत. बत्तीस वर्षं त्यांनी माश्यांना सुया टोचल्या, भिंगाखाली त्यांचे केस मोजले आणि सुईवर लावायच्या नखाएवढ्या चिठ्ठ्या मोत्यासारख्या अक्षरात लिहिल्या. चिठ्ठीची शेवटची ओळ ‘ओळख पटवली’. तिच्यापुढे नाव कायम साहेबांचं. साहेब बदलले, रीत बदलली नाही. निवृत्तीला चार महिने उरले होते आणि त्या ओळीपुढे एकदा तरी आपलं नाव लागावं, एवढं एकच त्यांच्या मनात होतं.

आशा होती एका माशीवर. सुरवंटाच्या अंगात वाढून, त्याला आतून पोखरून बाहेर पडलेली परजीवी माशी. पाठीवरच्या मागच्या ओळीत तीन जाड केस असले तर एक जात, चार असले तर दुसरी. उजवी बाजू सुईने फुटलेली. डावीकडे केस तीन, पण तोंडाचा रंग चार केसवालीचा. अकरा वर्षांत तीन तज्ज्ञांनी तिच्यापुढे हात टेकले होते.

“जन्मभर माश्यांचे केस मोजलेत,” बायको म्हणाली, “तुमच्या डोक्यावर तेवढेसुद्धा उरले नाहीत.”

“मला फक्त चौथा हवाय.”

“मग माझा घ्या उपटून!”

एका दुपारी त्यांनी दिवा तिरपा धरला आणि तिसऱ्या केसामागे सुईच्या टोकाएवढी खळगी दिसली. आता साहेबांच्या खुर्चीत असलेल्या, मुलीच्या वयाच्या मॅडमनी भिंगाला डोळा लावला.

“काका, केस गळलाय हो! म्हणजे चारच! चिठ्ठी लिहा, आणि ही तुमच्या नावाने.”

काकांनी लगेच लिहिली, सुईवर चढवली, खण लावला. दुसऱ्या दिवशी मॅडमनी खण उघडून त्यांना हाक मारली.

“काका, ही काय थट्टा?”

‘ओळख पटवली’ यापुढे मॅडमचं नाव होतं. हात सवयीने चालून गेला होता.

“दुसरी लिहितो,” ते पुटपुटले.

“आणि ही काढायची? एकदा लावलेली चिठ्ठी काढत नाहीत म्हणून पहिल्याच दिवशी तुम्ही माझा हात धरला होतात. हवं तर खाली तुमची लावा, ‘नंतर तपासली’ अशी.”

म्हणजे ओळखली मॅडमनी, आणि आपण नुसती मान डोलावली.

“राहू द्या,” ते म्हणाले.

घरी त्यांनी चपला काढायच्या आतच बायकोने विचारलं, “लागलं का नाव?”

“लागलं. मॅडमचं.”

“बघा! लाटलंच ना शेवटी त्या बयेनं? काका काका करून गळा कापला!”

ते खाली वाकून चपला नीट लावत राहिले. बायको बराच वेळ मॅडमचा उद्धार करत होती. त्यांनी तिला थांबवलं नाही.