भूगोल बंद केला ती सभा

विद्यापीठाच्या उपकेंद्राच्या समितीवर मला घेतलं, तेव्हा घरी सांगायच्या आधी मी ते पत्र लॅमिनेट करून आणलं. अकरावीत शाळा सोडलेल्या माणसाला विद्यापीठाने 'स्थानिक उद्योजक' म्हणून बोलावलं होतं. माझा उद्योग सुरू झाला पेंढ्यापासून. कर्जत तालुक्यातल्या गावांतून भाताचा पेंढा उचलायचा आणि मुंबईच्या तबेल्यांना पोचवायचा. आता खडी, सिमेंट, सळई विकतो. बाप भातशेतीत राबला, मी भाव करण्यात. मला कुणी हात दिलेला नाही, त्यामुळे कुणी आवाज चढवला की माझा त्याच्या वर जातो. हे चांगलं आहे असं म्हणत नाही. आहे ते असं आहे.

उपकेंद्र खालापूरच्या रस्त्याला. दोन मजली इमारत, पुढे गेट, आणि गेटच्या दोन्ही बाजूंना कुंपण नाही. तरी गेटवर तीन रखवालदार. पहिल्या दिवशीच मी ते हेरलं होतं.

समितीत आम्ही नऊ जण. संचालक अध्यक्ष. बाकी तीन प्राध्यापक, कार्यालयातला एक कर्मचारी, विद्यार्थ्यांचा एक प्रतिनिधी, एक माजी विद्यार्थी, एक निवृत्त मुख्याध्यापक आणि मी. संचालक मत देत नसत. मतं सारखी पडली तर विषय पुढच्या सभेवर टाकायचा, अशी तिथली रीत. पहिलं वर्ष मी चहा पीत ऐकत बसलो. हे लोक तासन् तास बोलतात आणि शेवटी 'मुख्यालयाला कळवू' म्हणून उठतात, हे बघून मला हसू यायचं. पुढे हसू यायचं थांबलं. आठ आठ वर्षं शिकवणाऱ्या माणसांना फळ्याच्या रंगासाठीसुद्धा मुख्यालयाला पत्र लिहावं लागतं, हे कळल्यावर कीव येऊ लागली.

त्या वर्षी मुख्यालयाने अनुदान कापलं. पत्रात लिहिलं होतं की कमी विद्यार्थी असलेला एक विषय बंद करावा, आणि कोणता ते समितीने ठरवावं. बंद करायचा की नाही, हे विचारलंच नव्हतं. सगळ्यांचा डोळा भूगोलावर गेला. भूगोलाला पोरं कमी, आणि शिकवणाऱ्या मॅडम तासिका तत्त्वावर. म्हणजे जितके तास शिकवले तितकेच पैसे, सुट्टीत काही नाही. नऊ वर्षं हेच चाललं होतं. तासिकेवरच्यांना समितीत जागा नसते, म्हणून त्यांच्या विषयाचं काय करायचं ते त्यांच्याशिवाय ठरणार होतं.

मॅडम पोशीर गावच्या, शेतकऱ्याच्या घरातल्या. माझी त्यांची ओळख दुकानातली. मोजणीच्या कामासाठी जुने बांबू मागायला आल्या होत्या. मी भाव सांगितला.

"शेठ, हे बांबू दोन पावसाळे उघड्यावर पडलेत. तुम्ही मला विकत नाही आहात, माझ्याकडून कचरा उचलून घेताय."

असं तोंडावर बोलणारं गिऱ्हाईक मला वर्षातून एखादं भेटतं. अर्ध्या तासाने त्या बांबू तर घेऊन गेल्याच, वर माझा टेंपोही फुकट नेला. त्या बांबूंनी त्यांच्या वर्गातल्या पोरांनी कशेळ्याच्या वरच्या वाड्यांतले झरे मोजले. कुठला झरा कुठल्या महिन्यात आटतो, त्याचा नकाशा केला. तो ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागला आणि टँकर आधी कुठल्या वाडीला पाठवायचा ते त्यावरून ठरायला लागलं. त्या पोरांतली निम्मी त्याच वाड्यांमधली होती. म्हणून भूगोल राहिला पाहिजे, असं मी मनाशी पक्कं केलं होतं.

सभेआधी मी मतं मोजली. मुख्याध्यापक, विद्यार्थी प्रतिनिधी, इतिहासाचे प्राध्यापक आणि मी, असे चार आमच्या बाजूला. समोर चार. म्हणजे बरोबरी, आणि विषय पुढे ढकलला जाणार. एवढ्यावर मी गप्प बसायला हवं होतं. पण गप्प बसून जिंकायची मला सवय नाही.

विषय निघाला तसा मी गेटची गोष्ट काढली. "भिंत नसलेल्या गेटला तीन माणसं कशाला? दोन कमी करा, भूगोल वाचतो."

संचालक सज्जन माणूस. हळू बोलतात, आणि तेच मला जास्त झोंबतं. म्हणाले, "शेठ, रखवालदारांचं कंत्राट मुख्यालयाचं आहे. ते आपल्या हातात नाही."

"मग जनरेटर? वर्षभर भाडं भरता, चालू झालेला मी बघितला नाही."

"तेही तिकडचंच."

वाणिज्यचे प्राध्यापक मध्ये पडले. ते खालापूरकडचे, माझ्याशी गावच्या भाषेत बोलतात. "शेठ, आमाला काय हौस हाय का? भूगोल नाय तर माझा नाय तर ह्यांचा जाणार. कुणाचा तरी जाणारच."

"मग आपल्या हातात आहे काय?" मी ओरडलो. "हा चहाचा कप? ठरवा तुमचं तुम्ही. मी चाललो."

आणि मी उठलो.

हे इथे नीट सांगायला हवं. आमच्या धंद्यात उठून जाणं म्हणजे जाणं नव्हे. गिऱ्हाईक उठतं, पायरीपर्यंत जातं, मग दुकानदार हाक मारतो, "अहो या, बसा, काय आपसात." मग खरा भाव निघतो. मी तीस वर्षं असाच उठत आणि उठवत आलो आहे. पेंढ्याच्या व्यापाऱ्यापासून सिमेंट कंपनीच्या साहेबापर्यंत कुणी मला दाराबाहेर जाऊ दिलेलं नाही.

मी जिना सावकाश उतरलो. मोटारसायकलीची सीट रुमालाने पुसली. आरसा सरळ केला, परत वाकडा केला, परत सरळ केला. वर खिडकीतून पंख्याचा आवाज येत होता. मग जिन्यावर पावलं वाजली. शिपाई घाईने येत होता. मी मनात म्हटलं, आले ठिकाणावर.

"शेठ, चष्मा राह्यला तुमचा," तो म्हणाला.

मी चष्मा घेतला आणि घरी आलो. बायकोला सगळं सांगितलं, थोडं वाढवूनच. तिने भाकरी उलटली आणि म्हणाली, "उठून आलात? तिथं काय खडीचा भाव चालला होता काय?"

दोन दिवसांनी मॅडम दुकानात आल्या. बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत.

"चारास तीन," म्हणाल्या. "भूगोल बंद."

"मला कुणी परत बोलावलं नाही!"

"कशाला बोलावतील? त्यांना वाटलं तुम्ही गेलात."

"गेलो नव्हतो. खाली उभा होतो."

त्या पायरीकडे वळल्या. मग म्हणाल्या, "नऊ वर्षं झाली, शेठ." आणि गेल्या. मला भांडायला काहीच ठेवलं नाही त्यांनी.

पुढच्या आठवड्यात इतिवृत्ताची प्रत आली. त्यात लिहिलं होतं, 'भूगोल विषय बंद करण्याचा ठराव सर्वानुमते मंजूर.' खाली हजर सभासदांच्या यादीत माझं नाव आणि माझी सही. सही हजेरीची होती. आत शिरताना सगळे करतात ती. पण कागद वाचणाऱ्याला काय कळणार? भूगोल बंद करायला मी हात वर केला, असाच त्याचा अर्थ होत होता.

मी तिथल्या तिथे संचालकांना फोन लावला. काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"शेठ, आपल्याकडे तसंच लिहायची पद्धत आहे. मतं फुटली असं लिहिलं की मुख्यालय विचारणा करतं. मग सहा महिने पत्रं लिहीत बसावं लागतं."

"मग लिहा ना पत्रं! पगार कशाचा घेता?"

ते म्हणाले, "तीन महिने माझाही झालेला नाही." मी फोन ठेवला. राग होताच, पण तो ठेवायला जागा राहिली नव्हती.

इतिहासाच्या प्राध्यापकांनी मला वाट दाखवली. पुढच्या सभेत पहिला विषय मागचं इतिवृत्त कायम करण्याचा असतो. बिस्किटांची बशी फिरते तेवढ्यात तो संपतो. तिथे हरकत घेता येते. "पण शेठ," ते म्हणाले, "दुरुस्ती मागायची तर खरं काय झालं तेच लिहावं लागेल."

एप्रिलमधल्या त्या सभेला मी सगळ्यांच्या आधी जाऊन बसलो. संचालकांनी विचारलं, "इतिवृत्त कायम?"

"कायम नाही," मी म्हटलं. "लिहा. चारास तीन. एक सभासद मतदानाआधी सभा सोडून गेले."

"तो सभासद म्हणजे तुमीच ना?" वाणिज्यवाले म्हणाले. "शेठ, हसतील लोक."

"हसू दे. नाव पण घाला."

मग दोन तास चाललं. मुख्यालयाची विचारणा येईल, वेळ जाईल, प्रवेशाची माहितीपुस्तिका छापायला गेली आहे, एकदा झालेला ठराव उकरू नये. चार वेळा उठायला म्हणून माझा हात खुर्चीच्या दांड्यावर गेला. विद्यार्थी प्रतिनिधी शेजारी होता, तो दर वेळी माझ्यापुढे पाण्याची बाटली सरकवायचा. शेवटी संचालकांनी पेन उघडलं आणि स्वतःच्या हाताने दुरुस्ती लिहिली. लिहून झाल्यावर मला वाचून दाखवली. त्यात माझ्या नावापुढे 'रागाने' असा शब्द नव्हता. त्यांनी तो घातला नाही याचं मला तेव्हा बरं वाटलं, आणि त्याचाही थोडा राग आला.

मुख्यालयाची विचारणा आली, उत्तर गेलं, मे महिन्यात निर्णय आला. ठराव एकमताचा नसल्यामुळे आत असलेल्या पोरांचा भूगोल पूर्ण करून द्यावा, मॅडमचे तास तोवर चालू ठेवावेत. नवीन प्रवेश मात्र बंदच. मी ते पत्र घेऊन मॅडमच्या वर्गाबाहेर जाऊन उभा राहिलो. त्यांनी दारातच वाचलं.

"म्हणजे दोन वर्षं."

"दोन वर्षं," मी म्हटलं. "आणखी भांडू."

"भांडा. पण बसून," त्या म्हणाल्या आणि वर्गात परत गेल्या.

माझी तक्रार अजून आहे. शिपायाला चष्मा देऊन पाठवला, तेव्हा 'शेठना वर बोलाव' एवढे तीन शब्द त्याच्याबरोबर पाठवता आले असते. संचालक भेटले की मी नमस्कार करतो, पण चहा घेत नाही. ते बिचारे दर वेळी विचारतात.

जूनमध्ये कशेळ्याच्या वरच्या वाडीतला एक माणूस मुलीला घेऊन दुकानात आला. माझ्याकडून छपराचे पत्रे नेलेले होते त्याने, त्या ओळखीने आला. मुलीच्या हातात प्रवेशाचा फॉर्म.

"शेठ, तुमी त्या कमिटीत हाव ना? हिला भूगोल घ्यायचाय. फॉर्मावर तर नाय."

"बंद केला."

"कुनी?"

मी सांगायला लागलो. मुख्यालयाचं पत्र, अनुदान, रखवालदारांचं कंत्राट, चारास तीन. तो मान हलवत ऐकत होता. बाहेर त्यांच्यासाठी थांबलेला जीपवाला भोंगा वाजवत होता, ही चुकली तर पुढची जीप दुपारी होती. मुलगी माझ्या तोंडाकडे बघत होती. सांगता सांगता मी त्या सभेतून उठलो तिथपर्यंत आलो, आणि तेही सांगितलं.

"बरं," तो म्हणाला. रागावला नाही, हसलाही नाही. "मग आता हिनं काय घ्यावं?"

मला माहीत नव्हतं. दुकान नोकरावर सोडलं, जीपवाल्याला जा म्हणून हात केला, आणि दोघांना टेंपोत बसवून मॅडमकडे घेऊन गेलो.