कुणाच्या बाजूचा गौतम

शाळेच्या ऑफिसात फोन आला तेव्हा मी पाचवीच्या वह्या तपासत होते. सांगलीहून गौतमची धाकटी बहीण रंजना बोलत होती. "ताई, दादा गेला..." कावीळ दहा दिवस अंगावर काढली, दवाखान्यात नेलं तोवर उशीर झाला होता. जेमतेम छत्तीस वर्षांचा. फोन ठेवून मी परत वह्या ओढल्या आणि सात-आठ वह्यांवर एकच शेरा लिहीत गेले. आज पाच आठवडे झाले. रडू येतंच, पण त्याहून जास्त गोंधळायला होतं. आमचं एक भांडण अर्धवट राहिलंय, आणि त्यात कुणाचं बरोबर होतं हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

गौतम माधवनगरचा. वडील तिथल्या कापड गिरणीत मागावर होते. गिरणी बंद पडली आणि कॉलेज सोडून हा सांगलीत एका छपाईच्या दुकानात संगणकावर बसला. मी साताऱ्यात शिक्षिका आणि उरलेल्या वेळात धरणग्रस्तांच्या संघटनेची लिखापढी करणारी. आमची ओळख झाली बियाण्यांच्या मालकीवरच्या एका सभेत. कुणी कार्यकर्ता म्हणाला, संगणक म्हणजे कामगारांच्या पोटावर पाय. मागच्या रांगेतून हा उठला. "माझा बाप माग बिघडला तर उघडून दुरुस्त करायचा. मला हा प्रोग्रॅम उघडून बघायचीसुद्धा बंदी हाय. मग मी बापाच्या पुढं गेलो का मागं?" मला तेव्हा त्याचा प्रश्न नीट कळला नव्हता, खरं सांगायचं तर.

तो कळला दोन वर्षांनी. पाटणच्या खोऱ्यातल्या विस्थापितांच्या जबान्या आम्ही गावोगाव फिरून घेतल्या आणि मराठी टायपिंगच्या एका सॉफ्टवेअरमध्ये भरल्या. त्याला काडेपेटीएवढं एक कुलूप यायचं. ते संगणकाच्या मागे खोचल्याशिवाय काहीच उघडत नसे. सुनावणी तीन आठवड्यांवर आली असताना ते बिघडलं. विकणारा म्हणाला, नवीन आवृत्ती घ्या, जुन्या फायली मात्र तिच्यात उघडणार नाहीत. आमचेच शब्द, आणि आम्हालाच वाचता येईनात! गौतमने रजा टाकली. कोणत्या अक्षरामागे कोणता आकडा लपलाय हे एकेक करून शोधलं आणि फायली बाहेर काढणारा स्वतःचा प्रोग्रॅम लिहिला. सुनावणीच्या आधी, बाविसाव्या पानावरची विस्थापित सोनाबाईंची जबानी पडद्यावर उमटली तेव्हा मी त्याच्या पाठीवर जोरात थाप मारली होती.

मग त्याने तो प्रोग्रॅम, आतल्या सगळ्या ओळींसकट, मागेल त्याला फ्लॉपीवर द्यायला सुरुवात केली. एकदा ज्या पुनर्वसन कार्यालयाशी आम्ही भांडत होतो, तिथलाच कारकून आला. त्यांचीही धरणग्रस्तांची जुनी यादी तशीच अडकली होती. गौतमने त्यालाही फ्लॉपी दिली.

"तू आहेस तरी कुणाच्या बाजूचा?" मी ओरडले.

"ताई, माणूस बघून उघडायचं म्हणलं तर मग मीच कुलूप झालो की."

यादी उघडली. आमच्याकडून सुटलेली अकरा कुटुंबं तिच्यात सापडली, त्यांना हक्क मिळाला. आणि त्याच यादीत मोर्चाच्या पुढे चालणाऱ्या दगडूआबांच्या नावापुढे निघालं... 'जमीन दिली.' आबांनी ती जमीन कधी पाहिलीही नव्हती, पण त्यांचा दावा खोडला गेला. गौतम दुसऱ्याच दिवशी पाटणला गेला. मीही गेले, त्याला आबांसमोर उभं करायचंच म्हणून. आबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "लय ब्येस केलंस गड्या. माज्या नावावर जमीन हाय, ह्ये तरी कळालं. आता ती कुटं हाय, त्येवढं हुडकून दे."

त्याने हुडकली. मिरजेच्या बाजूला, दुसऱ्याच कुणाची द्राक्षं उभी होती तिच्यात. मग दर महिन्याला तो आबांना घेऊन कचेरीत जायचा. एकदा कऱ्हाडच्या स्टँडवर त्याने मला विचारलं, "ताई, माझं चुकलं का?" तेवढ्यात साताऱ्याची गाडी लागली. पुढच्या वेळी बोलू, म्हणून मी चढले. आबांना अजून जमीन मिळालेली नाही. आणि पुढची वेळ आलीच नाही.

शोकसभेला आबा होते, तो कारकूनही होता, शिवाय गौतमचा प्रोग्रॅम स्वतःच्या नावाने विकणारा एक दुकानदार. तिघेही म्हणाले, आमचा माणूस गेला. मला कुणाचाच राग येईना, आणि कुणाचं पटेनाही.

निघताना रंजनाने कागदांचा एक गठ्ठा हातात दिला. प्रोग्रॅमच्या ओळी छापलेल्या होत्या. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. पण मधूनमधून, इंग्रजी अक्षरांत का होईना, त्याने मराठीत टिपा लिहिल्यात. 'इथं क्ष त्रास देतो, सांभाळा.' 'ही युक्ती मला आवडलेली नाही, पण चालते.' शेवटच्या पानावर, 'चूक दिसली तर दुरुस्त करा आणि पुढच्याला द्या.' रविवारी सकाळी मी ही पानं घेऊन बसते. परवा त्याच्या प्रोग्रॅमने बाहेर काढलेल्या जुन्या जबान्या चाळताना दिसलं, त्यांत सगळीकडे कऱ्हाडमधला 'ऱ्हा' तुटलाय. मी पेन्सिलीने कडेला लिहिलं, 'कऱ्हाड चुकतंय.' आणि तशीच बसून राहिले... कारण हे कळवायचं ते गौतमलाच.