उजवा हंस, डावा हंस

"हंसाची मान चुकली," फोनवर बाई म्हणाल्या. नमस्कार नाही, नाव नाही.

"कोण बोलतंय?"

"कमलाबाई. तिरुवैयारुहून. पद्मिनीची धाकटी आज्जी. पद्मिनीने चित्र पाठवलंय. तुझ्या त्या बाहुलीच्या डाव्या कानात बघ. हंस पुढे बघतोय. माझा हंस मागे बघतो."

मी स्क्रीनवर डावा कान मोठा करून पाहिला. हंस पुढेच बघत होता. पुढे बघणारच, कारण तो मी उजव्या कानातल्या हंसावरून मिरर केला होता.

माझं काम थोडक्यात सांगते. तंजावूरमधल्या एका लहान स्टुडिओत मी व्हर्च्युअल जगासाठी दागिने करते. म्हणजे कॉम्प्युटरवरच्या माणसांच्या, ज्यांना अवतार म्हणतात त्यांच्या, अंगावरचे दागिने. सोनं नाही, भट्टी नाही, फक्त माउस आणि पाठदुखी.

या धंद्यात मिररवाचून पान हलत नाही. हार अर्धाच करायचा, उरलेला अर्धा मिरर करायचा, म्हणजे आरशातल्यासारखा उलटून घ्यायचा. कमरपट्टा तसाच. कानातलं एका कानाचं केलं की दुसरं एका बटणावर तयार. फक्त एक गोष्ट सांभाळावी लागते. मॉडेलच्या प्रत्येक पृष्ठभागाला पुढची आणि मागची बाजू असते, आणि पुढचीच दिसते. मिरर केल्यावर कधीकधी या बाजूंची अदलाबदल होते. मग दागिना उलट्या केलेल्या पिशवीसारखा आतून दिसू लागतो. सगळे पृष्ठभाग पुन्हा सुलटे केले की झालं. हे मी न चुकता करते. त्यामुळे चूक झाली असेल असं माझ्या मनातही आलं नव्हतं.

क्लायंट होती पद्मिनी. आमच्यासारख्याच तंजावूरच्या मराठी घरातली, आता मेलबर्नला असते, भरतनाट्यम शिकवते. ती तिकडे अंगाला सेन्सर लावून नाचणार होती आणि तिचा अवतार एका व्हर्च्युअल मंडपात नाचणार होता. अवताराच्या अंगावर तिला पणजीचे दागिने हवे होते. हार आणि कमरपट्टा तुळसाबाईंकडे होते, म्हणजे तिच्या सख्ख्या आज्जीकडे, इथेच तंजावूरच्या मेल वीदी रस्त्यावर. कर्णफुलं मात्र वाटली गेली होती. उजव्या कानाचं तुळसाबाईंकडे, डाव्या कानाचं त्यांच्या धाकट्या बहिणीकडे, कमलाबाईंकडे. पणजीनेच तशी वाटणी केली होती. घरात लग्न निघालं की दोघींनी एकत्र यावं, एवढाच हेतू.

झालं उलटंच. एका लग्नाच्या वेळी कमलाबाई म्हणाल्या, अक्का, तुझं पाठवून दे. तुळसाबाई म्हणाल्या, तू येऊन घेऊन जा. ना ही गेली, ना तिने पाठवलं. नवरी दुसरंच काही घालून बोहल्यावर उभी राहिली. तेव्हापासून दोघी बोलत नव्हत्या. मधे फक्त तेरा किलोमीटर आणि टाऊन बस.

म्हणून पद्मिनीने मला फक्त तुळसाबाईंकडे पाठवलं होतं. "दुसरं तसंच असेल," ती म्हणाली होती. मीही तेच धरून चालले.

फोन ठेवल्यावर मी मुरुगेसन सरांकडे गेले. ते आमचे बॉस.

"क्लायंटने पास केलंय ना?" सर म्हणाले. "मग कशाला उकरतेस? आणि फारच झालं तर मिरर काढ, साधा कॉपी टाक. हंस मागे बघेल."

मी कॉपी टाकून पाहिला. उजवा दागिना न उलटता तसाच डाव्या कानात घातला की त्याची दिशा बदलते. हंस मागे बघू लागला खरा, पण अख्खा. शेपटी गालाकडे, चोच मानेकडे. जणू रुसून घर सोडून निघालाय. फोटो कमलाबाईंना पाठवला.

"मान म्हटलं मी," त्या म्हणाल्या. "अंग पुढे, मान मागे. हंस पळवून लावायला सांगितला नव्हता."

मग तुळसाबाईंकडे गेले. त्या केळीची पानं पुसत बसल्या होत्या.

"मान मागे? काहीही!" त्या म्हणाल्या. "दोन्ही एकसारखे. माझ्या आईच्या कानात मी रोज पाहिलेत. तिला विचारलंस कशास?"

"मी नाही विचारलं. त्यांनीच फोन केला."

"तिने केला?" त्यांचा हात थांबला. "बरी आहे ना? आवाज कसा वाटला?"

"कडक."

"मग बरी आहे," म्हणून त्या परत पानं पुसू लागल्या.

रात्री पद्मिनीचा मेसेज आला. जे खरं असेल तेच हवं. मी कमलाबाईंकडे फोटो मागितले. त्या म्हणाल्या, "फोटो नाही. अक्काला घेऊन ये. दोन्ही शेजारी ठेव. मग कोण खरं ते सगळेच बघू."

आता दोन्ही कर्णफुलं एकाच उजेडात ठेवून फोटो काढले तर सोन्याचा रंग आणि माप नीट जुळतं, हे अगदी खरं आहे. मी तुळसाबाईंना तेवढंच सांगितलं.

"कामासाठी यावं लागेल म्हणतेस?"

"हो आज्जी. कामासाठी."

"कामासाठी येते," त्या म्हणाल्या. आत गेल्या आणि नवी सुंगुडी साडी नेसून आल्या.

ऑटोत त्यांनी डबी मांडीवर दोन्ही हातांनी धरली होती. कावेरीच्या पुलावर आल्यावर म्हणाल्या, "ती बोलली नाही तर मी बोलायची नाही. तू फोटो काढ. लगेच निघू."

कमलाबाई दारातच उभ्या होत्या. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

"वाळलीस," तुळसाबाई म्हणाल्या.

"तू कुठली जाड झालीस," कमलाबाई म्हणाल्या. "ये आत. चप्पल उन्हात नको काढू, तापेल."

मी खिडकीपाशी टेबलावर पांढरा पंचा अंथरला. दोन्ही कर्णफुलं शेजारी ठेवली. बोलायची गरजच पडली नाही. उजवा हंस सरळ पुढे बघत होता. डाव्याचं अंग पुढे, पण मान वळवून तो मागे बघत होता. मिररमधून हे कधीच निघालं नसतं.

तुळसाबाईंनी चष्मा लावला, काढला, पुसला, पुन्हा लावला.

"मग मी काय पाहिलं इतकी वर्षं?"

"उजवा कान," कमलाबाई म्हणाल्या. "तू आईच्या उजवीकडे झोपायचीस. मी डावीकडे."

 तुळसाबाईंनी दोन्ही कर्णफुलं उचलली आणि बहिणीच्या कानात घातली. फिरकी बसेना, कमलाबाई ओरडल्या, "अय्यो अक्का, हळू!" नंतर कमलाबाईंनी ती काढून अक्काच्या कानात घातली. मला फोटो काढायचे होते, पण दागिने रिकामे मिळेचनात.

शेवटी फोटो काढले. लगेच निघू म्हणणाऱ्या तुळसाबाई रात्री तिथेच राहिल्या. ऑटोत परत मी एकटीच.

डावा हंस मी वेगळा केला. अंग मिरर केलेलं चाललं, मान आणि डोकं नव्याने घडवावं लागलं. पिसांची वळणं पण बदलली. मुरुगेसन सर म्हणाले, "एवढ्याशा मानेसाठी? कोणाला दिसणार आहे?"

"दोघींना दिसणार आहे, सर."

पद्मिनीचा नाच उत्तम झाला. दोन्ही आज्ज्यांनी तो तिरुवैयारुला शेजारी बसून टॅब्लेटवर पाहिला. नंतर दोघींनी मिळून मला फोन केला. कर्णफुलं छान, पण कमरपट्टा सैल, असं त्यांचं एकमत झालं होतं. कुठल्यातरी गोष्टीवर त्यांचं एकमत होऊ शकतं हे पद्मिनीला पहिल्यांदाच कळलं.

हल्ली मी मिरर करण्याआधी क्लायंटकडे दुसऱ्या बाजूचाही फोटो मागते. काम वाढतं. गेल्या वेळी एका पैंजणासाठी कुंभकोणमला जाऊन आले, आणि दोन्ही पैंजणं हुबेहूब सारखी निघाली. दिवस फुकट गेला. तरीही मागते.