दोन्ही बाजूंनी पांढरे चिंचोके

अगं, दारात काय उभी राहिलीस पाहुण्यासारखी? ये, जवळ बस. दोनदा कळव्याला येऊन गेलीस म्हणे, आणि माझ्याकडे फिरकली नाहीस! जाऊ दे. आज रागवायचं नाहीये. आज एक सांगायचंय — आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आमच्या ह्यांना नाही, पोटच्या सुषमाला तर नाहीच.

नव्वदनंतरची गोष्ट. सुषमा कॉलेजात होती. तिची मैत्रीण हेमा, आणि डोंबिवलीहून येणारा विनय — हे तिघं दर रविवारी दुपारी आमच्या बाहेरच्या खोलीत बसून एक खेळ खेळायचे. हेमाच्या मामानं परदेशातून त्याचं पुस्तक पाठवलेलं. अर्धं यांना कळलं, अर्धं यांनी मनानं जुळवलं. पट नाही, सोंगट्या नाहीत. नुसतं बोलायचं! हेमा गोष्ट सांगणार, बाकीचे एकेक पात्र होऊन त्यात वागणार. पुढच्या काळातली गोष्ट, दूरच्या ग्रहावरची लढाई. पुस्तकात बारा-वीस पैलूंचे फासे होते. ते कळव्यात कुठून आणायचे? मीच म्हटलं, चिंचोके घ्या. पाच चिंचोके फोडून दहा अर्धुकं करायची, आतून पांढरी, पाठ तपकिरी. टाकायचे आणि पांढरे मोजायचे. लहानपणी आम्ही दुसरं काय केलं?

असं करत मीच कधी त्यात बसले, कळलं नाही. पोहे द्यायला जायचे आणि मध्ये बोलायचे. शेवटी सुषमा वैतागली, "आई, एक तर आत जा, नाहीतर खेळायला बस!" बसले.

माझ्या वाट्याला आला एक सैनिक. क्लोन. म्हणजे काय, तर एका शूर माणसाच्या रक्ताच्या थेंबातून काचेच्या टाकीत वाढवलेले चारशेजण. एका साच्यातल्या करंज्या जशा — तेच नाक, तोच आवाज. दोन वर्षांत पुरे वाढायचे, बंदूक धरायचे. नाव नाही, नंबर. माझा सत्तेचाळीस.

तुला हसू येतंय? मला नाही आलं. आमच्या ह्यांना कंपनीत बिल्ल्याच्या नंबरानं हाक मारायचे. इतकी वर्षं! नाव विचारलंच नाही कुणी. मग मी काय केलं — सत्तेचाळीसच्या तोंडून एकेकाला नाव देत सुटले. दत्तू. बाळ्या. पांडू. पुढच्या रविवारी आणखी चार. हेमा हसत हसत वहीत लिहून घ्यायची.

विनय होता त्यांचा सेनापती. हुशार पोरगा, कडक खेळायचा. दोन वर्षं त्यानं तो सेनापती जपलेला. वहीत एक अख्खं पान त्याचं — बॉलपेननं चित्र काढलेलं, छातीवरची पदकंसुद्धा. आणि त्यानं हुकूम काढला, लढाई संपली की चारशेच्या चारशे परत टाकीत विरघळवायचे. नियमच तसा होता. सत्तेचाळीसनं बंड केलं. हेमानं ठरवलं, पुढच्या रविवारी एकच डाव. दहात आठ पांढरे पडले तर दारं उघडतील. नाही पडले तर सगळे विरघळणार. आणि हरणाऱ्याच्या पात्राचं पान फाडायचं.

दहात आठ! मी आठवडाभर घरी टाकून बघितले. पाचाच्या वर जाईनात.

आता ऐक. शनिवारी सकाळी देवाची सहाण घेतली — चंदन उगाळायची, हो — आणि तिच्यावर सात चिंचोक्यांची पाठ घासली. तपकिरी जाऊन पांढरं दिसेपर्यंत. सात चिंचोके, दोन्ही बाजूंनी पांढरे. राहिलेल्या तिनातला एक तरी पडायला हवा, तेवढं नशिबावर सोडलं. बघितलास माझा प्रामाणिकपणा?

रविवारी टाकले. नऊ पडले. नऊ!

अगं काय सांगू! मी उभी राहून ओरडले. शेजारच्या काकू धावत आल्या, "काय गं, सुषमाचं ठरलं की काय?" हेमानं वही उघडून तिथल्या तिथे शेवट लिहिला आणि मोठ्यानं वाचला. दारं उघडली. एकाच चेहऱ्याचे चारशेजण उन्हात बाहेर आले, आणि बाहेर पडताना प्रत्येकानं आपापलं नाव सांगितलं. दत्तू. बाळ्या. पांडू. माझ्या अंगावर काटा आला. आत्ताही येतोय, हा बघ हात.

आणि विनय म्हणाला, "मावशी, चिंचोके बघू जरा?"

मी ते पदरात गोळा केलेले. म्हटलं, थांब, दूध उतू जातंय. दूध? गॅसवर दूध नव्हतंच. आत जाऊन सरावासाठी वेगळे फोडलेले खरे दहा आणले, त्याच्या हातावर ठेवले. त्यानं उलटसुलट करून पाहिले. इथेच थांबायचं ना मी? पण नाही. मी डोळ्याला पदर लावला — "आईच्या वयाच्या बाईवर संशय घेतोस?" सुषमा भडकली, "विनय, माफी माग!" तो पोरगा सगळ्यांसमोर वाकला. माझ्या पाया पडला. मी आशीर्वाद दिला. खणखणीत.

मग त्यानं आपलं पान स्वतः फाडलं. हळू, रेघेवरून. पुन्हा तो खेळायला आला नाही.

काही वर्षांनी कल्याणला एका लग्नात भेटला. बायकोला म्हणाला, "याच त्या मावशी, दहात नऊ पाडणाऱ्या!" दोघं वाकले. तेव्हा तरी बोलायचं होतं — नाही का? मी दुसऱ्यांदा आशीर्वाद दिला.

चारशेजण सुटले, त्याचा आनंद मला आजही आहे. खोटं कशाला सांगू? पण तो आनंद पुढे करून मला सुटायचं नाहीये. डाव खोटा खेळले मी. त्याचा संशय खरा होता, आणि वाकायला लावलं त्यालाच.

ते सात अजून हळदीच्या जुन्या डबीत आहेत. रविवारी विनयला बोलावलंय, येतो म्हणाला. ते सातही त्याच्या हातावर ठेवणार आहे. तुला आधी सांगितलं ते एवढ्यासाठी, की तोंडाला सवय व्हावी. तो काय म्हणेल ते म्हणेल.

तू मात्र ये हं रविवारी. मध्ये काही बोलू नकोस माझ्या बाजूनं. नुसती बस, पोहे खा. पण ये.